गिअर डाव्या हाताला

आपल्या मंडळातल्या ज्या घरांत चौदा-पंधरा वर्षांची मुलं आहेत, त्यांना हा विषय नवीन नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. रेसिंग सिम्युलेटर म्हणजे मोटार चालवण्याचा खेळ, पण तो सोफ्यावर लोळत खेळायचा नसतो. त्याला अॅल्युमिनियमचा एक सांगाडा लागतो. त्या सांगाड्यावर सीट, स्टिअरिंग, तीन पेडल, गिअर आणि हँडब्रेक बसवायचे आणि समोर एक किंवा तीन स्क्रीन लावायचे. या सगळ्या डोलाऱ्याला मुलं 'रिग' म्हणतात. बोकनहाइमच्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात ही रिग जेवणाच्या टेबलापेक्षा जास्त जागा अडवून बसली आहे.

लेकाने पहिल्यांदा हट्ट धरला तेव्हा मी दोन अटी घातल्या. एक, सगळं सामान जुनं, वापरलेलं घ्यायचं. दोन, जोडणी आपण दोघांनी करायची. मी मेकॅनिकल इंजिनिअर. कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या जोडणीतल्या चुका काढते, म्हटलं घरी स्वतःची जोडणी करून बघू. क्लाइनआन्झाइगेनवर ऑफनबाखच्या एका गृहस्थांकडे ४० बाय ८० मिलिमीटरचे प्रोफाइल मिळाले. एस-बानमधून ते खांद्यावर घेऊन येताना लोकांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला लग्नात रुखवत घेऊन निघालेल्या माणसांमुळे ओळखीची होती.

या प्रोफाइलची गंमत अशी की त्याला भोकं पाडावी लागत नाहीत. चारी अंगांना खाच असते. खाचेत नट सरकवायचा, हवा तिथे आणायचा आणि वरून बोल्ट आवळायचा. आवळायला षट्कोनी किल्ली. आपण तिला अॅलन की म्हणतो, इथे तिला 'इन्बुस' म्हणतात. नॉइसच्या बाउअर आणि शाउर्टे या कंपनीने १९३६ मध्ये तो षट्कोनी खाचेचा बोल्ट आणला. कंपनीच्या आणि बोल्टच्या नावांची आद्याक्षरं जोडून हा शब्द झाला. लेकाला ही माहिती त्याच्या जर्मन मित्रांनाही नव्हती, त्यामुळे आठवडाभर माझा भाव वधारला होता.

सांगाडा एका शनिवारात उभा राहिला. खरं काम पुढे होतं, कारण सामान बसवणं वेगळं आणि माणसाला ते जमून येणं वेगळं. त्यात आमचे दोन महिने गेले. नवीन मंडळींना उपयोग होईल म्हणून क्रम सांगते.

पहिली सीट. ती एकदा बसवली की हलवायची नाही, बाकी सगळं तिच्याकडे आणायचं. मग पेडल. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे, पाय ताठ झाला तर सीट आणि पेडल यांत अंतर जास्त आहे. टाच जमिनीवर टेकलेली हवी. चांगल्या ब्रेक पेडलच्या आत दाब मोजणारा सेन्सर असतो. पेडल किती सरकलं हे तो पाहत नाही, तुम्ही किती जोर लावला ते पाहतो. त्यामुळे जोरात ब्रेक मारला की हलक्या खुर्चीवरचा माणूस मागे सरकतो. रिगला सांगाडा लागतो तो यासाठी, दिमाखासाठी नाही.

मग स्टिअरिंग. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात सरळ पुढे केला की मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. म्हणजे चाक धरल्यावर कोपर आपोआप नीट वाकतं. त्यानंतर गिअर आणि हँडब्रेक. चाकावरून हात सोडला की न बघता मूठ गिअरवर पडली पाहिजे, शोधावं लागलं तर जागा चुकली. सगळ्यात शेवटी स्क्रीन. त्याचा मध्य डोळ्यांच्या उंचीला आणि स्क्रीन जमेल तितका जवळ. २७ इंची स्क्रीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. तो डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर ठेवला तर नजरेचा जेमतेम ५३ अंशांचा भाग व्यापतो. खेळातल्या सेटिंगमध्ये हाच कोन भरायचा असतो. जास्त भरला तर रस्ता मोठा दिसतो, पण अंतरं आणि वेग खोटे वाटतात.

आणि हो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सांगाड्याखाली वॉशिंग मशीनची रबरी चटई घालावी. आवाज हेडफोनमध्ये राहतो, ब्रेकचा दणका खालच्या घरात उतरतो. आमच्या खालच्या आजींनी टपालपेटीत ठेवलेली अतिशय सभ्य जर्मन चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. आता रात्री दहा ते सकाळी सहा रिग बंद आणि रविवारी दुपारीही बंद.

लेकाचा जीव नुर्बुर्गरिंगवर. फ्रँकफर्टपासून दोन तासांच्या आत गाडीने पोचता येतं. तिथल्या १९२७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या ट्रॅकचा उत्तरेकडचा वळसा २०.८३२ किलोमीटरचा आहे. आयफेलच्या जंगलातून वर-खाली जाणारा हा रस्ता, त्यात ७३ वळणं. सतरा पूर्ण झाल्यावर सोबत मोठं माणूस घेऊन गाडी चालवायची मुभा इथे मिळते, त्याला दोन वर्षं बाकी आहेत. तोवर हा रोज संध्याकाळी गृहपाठ झाल्यावर आयफेलला जाऊन येतो.

आमची रिग अशी त्याच्या अंगाला बेतून तयार झाली आणि मे महिन्यात आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे वडील. कराड आगारात एकतीस वर्षं एसटी चालवली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं कराड-चिपळूण, म्हणजे कुंभार्ली घाट. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. वय चौऱ्याहत्तर. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. दोन्ही डोळ्यांत थेंब घालतात, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, पेपरातली बारीक अक्षरं चष्म्याने वाचतात. पण दोन्ही बाजूंची नजर बरीच गेली आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी फक्त उरलेली टिकते.

घोळ असा की हे माणसाला स्वतःला कळत नाही. डोळ्यांपुढे काळा पडदा येत नाही. जिथलं दिसत नाही तिथलं मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून भरून काढतो. नजरेचा पट्टा मोजायची तपासणी झाली होती. यंत्रात डोकं ठेवायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. त्याच्या कागदावर कडेने काळे डाग होते. आप्पा म्हणाले, "बटण दाबायला मला उशीर झाला असंल. त्या पोरीने घाई केली." आणि मारुती घेऊन मंडईला जात राहिले. गेल्या वर्षी चौकात बाजूने आलेल्या दूधवाल्याच्या मोटरसायकलला धक्का लागला. दुधाचे कॅन आडवे झाले, माणूस वाचला. आप्पांचं म्हणणं, तो एकदम आला. डॉक्टरांनी गाडी बंद करा सांगितलं होतं, भावकीतल्यांनी सांगितलं, मी दर रविवारी फोनवर सांगत होते. दर रविवारी एकच उत्तर, "एकतीस वर्षांत एक पॅसेंजर खरचटला नाही माझा." हे खरं होतं, म्हणून पुढे बोलता यायचं नाही.

नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले. पहिला आठवडा रिगकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नातू नुर्बुर्गरिंगवर फिरत असताना मागे येऊन उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "उतारावर ह्यो गिअर काढतोय का घालतोय?" नातवाचं मराठी आमच्यापुरतं बरं आहे, पण हे वाक्य त्याच्या डोक्यावरून गेलं. मी समजावून सांगितलं. मग आप्पांनी घाटाचा नियम सांगितला: ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, ब्रेकवर गाडी सोडायची नाही. नातवाने पुढच्या फेरीत करून पाहिलं आणि वळून म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा ना."

आप्पा बसले आणि दोन मिनिटांत उठले. गिअर उजव्या हाताला होता. क्लच दाबला की त्यांचा डावा हात हवेत जायचा आणि रिकामा परत यायचा. इथे येऊन गाडी शिकलेल्या प्रत्येकाला हा हात माहीत आहे. पहिली दोन वर्षं मी दरवाजाच्या हँडलला गिअर समजून पकडत होते. शिवाय फक्त बाजू बदलत नाही. गिअरचा नकाशा तोच राहतो, पहिला गिअर डावीकडे वर. म्हणजे भारतात तो अंगापासून लांब ढकलायचा आणि इथे अंगाकडे ओढायचा. एकतीस वर्षांच्या हाताला हे सांगून कळत नाही.

त्या रात्री मी आणि लेकाने इन्बुस काढली. गिअरचा कंस चार बोल्ट सैल करून सोडवला आणि डाव्या प्रोफाइलवर नेला. हँडब्रेक त्याच्या मागे. सीट आठ सेंटिमीटर मागे घ्यावी लागली, कारण आप्पांचे पाय लांब. पहिल्या नियमाला मुरड घालून मी सीट हलवली, मग अर्थातच बाकी सगळं तिच्यामागून हलवणं आलं. चाक बरंच आडवं केलं, बसचं असतं तसं. रेसच्या गाडीसाठी लेक चाकाचा फेर ५४० अंश ठेवतो, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड फेरा. तो ९०० केला, अडीच फेरे. ब्रेक सगळ्यात कडक ठेवला. पाठीमागे घरातली उशी. आप्पांनी सकाळी बसून पाहिलं, उशी पाठीमागे दाबली आणि म्हणाले, "आगारात नवी गाडी आली की आम्हीच तिच्या मापाचं व्हायचं. हे बरं आहे, गाडीच माणसाच्या मापाची."

खेळही बदलला. प्रागच्या एका कंपनीने २०१२ मध्ये 'युरो ट्रक सिम्युलेटर २' काढला, अजून लोक खेळतात. त्यात रेस नाही. माल भरायचा, सिग्नल पाळायचे, वेळेत पोचायचं आणि ठोकलं तर दंड. फ्रँकफर्टहून माल भरून कॅलेपर्यंत, तिथून बोटीने डोव्हर. इंग्लंडमध्ये उजवीकडे बसून डावीकडून चालवता येतं, आपल्यासारखं. आप्पांनी सरळ इंग्लंडमध्येच मुक्काम ठोकला. सकाळी आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून ड्युटीवर हजर व्हायचे. नातू शाळेतून आला की लॉगशीट दिल्यासारखा हिशेब: किती किलोमीटर, कुठला माल, किती दंड. त्या दोघांना आता मी दुभाषी लागत नव्हते. 'कट मारला', 'साइड दिली', 'न्यूट्रलला काढ' हे शब्द माझ्या मुलाला मंडळाच्या मराठी वर्गात कधीच मिळाले नसते.

महिनाभर सगळं एका स्क्रीनवर चाललं होतं. दंड क्वचित. ५३ अंशांत जे दिसतं तेवढंच जग, आणि तेवढं आप्पांना दिसत होतं. समोरच्या गाडीचं अंतर ते असं राखायचे की नातू बघत राहायचा. मलाही वाटू लागलं की आपण उगाच वर्षभर फोनवर डोकं लावलं.

जुलैमध्ये लेकाने साठवलेल्या पैशांतून आणखी दोन जुने स्क्रीन आणले. तीन स्क्रीन लावायचे तर बाजूचे दोन डोळ्यांभोवती कमान धरल्यासारखे आत वळवायचे. तिन्हींचं अंतर डोळ्यांपासून सारखं आलं की सगळं मिळून दीडशे अंशांच्या आसपास दिसतं. निरोगी माणसाची दोन्ही डोळ्यांची नजर साधारण १८० अंश असते, म्हणजे आता खिडक्यांतलंही दिसू लागतं. तीन स्क्रीनच्या कडा जुळवण्यात आमचा पूर्ण रविवार गेला, अर्थात आवाज न करता.

सोमवारी आप्पा बसले. इंग्लंडमधलं एक वर्तुळाकार चौकाचं वळण होतं. तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आप्पा थांबले, पाहिलं, पुढे निघाले आणि उजवीकडून आलेल्या पांढऱ्या गाडीवर आदळले. दंड. पुढच्या चौकात पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी चाकावर हात आपटला. "ह्यो गेम मध्येच गाड्या टाकतोय. मोकळा रस्ता होता."

लेक मागे उभा राहून फोनवर चित्रीकरण करत होता. त्याला आजोबांची फजिती दाखवायची नव्हती. नवी रचना मित्रांना पाठवायची होती. त्याने निरागसपणे फोन पुढे केला, "नाही आजोबा, बघा, ती होती."

आप्पांनी चष्मा पुसला आणि पाहिलं. फोनच्या छोट्या पडद्यावर तिन्ही स्क्रीन एकदम दिसत होते. पांढरी गाडी उजव्या स्क्रीनच्या कडेला होती, मग त्याच्या मधोमध आली. चार-पाच सेकंद तरी ती तिथे होती. आप्पांची मान त्या सबंध वेळेत एकदाही तिकडे वळली नव्हती. वळायचं कारणच त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. वर्षभर पाठ केलेली सगळी वाक्यं माझ्या ओठांवर होती, त्यातलं एकही मी बोलले नाही.

मग आप्पांनी एक गोष्ट केली. सीटवर सरळ बसले, नजर समोरच्या स्क्रीनच्या मध्यावर ठेवली आणि नातवाला म्हणाले, "तुझं बोट उजव्या पडद्याच्या कडेपासनं आत आण. मी सांगतो कधी दिसतं ते." लेकाने बोट आणलं. उजवा स्क्रीन ओलांडून झाला, मधल्या स्क्रीनची कड आली, बोट त्याच्याही आत आलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "आता." डावीकडूनही तसंच, जरा अलीकडे. नातवाने त्या दोन जागांवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आप्पा बराच वेळ त्या चिठ्ठ्यांच्या मधल्या जागेकडे पाहत बसले.

ही काही डोळ्यांची तपासणी नव्हे, हे इथे स्पष्ट लिहिते. तपासणी डॉक्टरांनीच करायची आणि ती आधीच झाली होती. कागदावर जे होतं तेच चिठ्ठ्यांनी सांगितलं. पण कागदावरचे काळे डाग दुसऱ्या कुणाच्या यंत्रातून आले होते. ही रिग त्यांच्या मापाची होती. सीट त्यांची, ब्रेक त्यांचा, गिअर त्यांच्या डाव्या हाताला. दोष द्यायला बाहेरचं काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "तो दूधवाला एकदम आला नव्हता." कुणी काही बोललं नाही. भाकरी संपवून त्यांनी विचारलं की कराडला आता काय वाजले असतील. साडेअकरा, मी म्हटलं. मग उद्या फोन लावून दे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलतभावाला फोन करून सांगितलं, मारुतीची किल्ली देव्हाऱ्याच्या खणात आहे, ती घेऊन जा, गाडी तूच वापर, मला मंडईला आणि दवाखान्यात ने म्हणजे झालं. कारण विचारलं तर म्हणाले, "माझी ड्युटी संपली."

हे सगळं किती सोपं झालं असं वाटेल, तर तसं नाही. पुढचे चार दिवस ते रिगवर बसले नाहीत. निडाच्या काठाने एकटेच फिरून यायचे. रस्ता ओलांडताना आता मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचे, हे मी खिडकीतून पाहिलं. मला आनंद झाला आणि घशाशीही काही आलं. जो माणूस पाऊस-धुक्यात चाळीस-पन्नास जिवांना घेऊन कुंभार्ली उतरायचा, त्याच्या हातून चाक सुटणं ही आपण मुलांनी वर्षभर फोनवर उरकायला बघतो तेवढी लहान गोष्ट नाही.

पाचव्या दिवशी नातवानेच तोडगा काढला. बाजूचे दोन्ही स्क्रीन बंद केले आणि खेळातली इतर वाहनं काढून टाकली. मग रिकाम्या नुर्बुर्गरिंगवर आजोबांना बसवलं. समोर जंगल, चढ, उतार, वळण. आप्पांनी पहिला पूर्ण फेरा मारला तो नातवाच्या दुप्पट वेळात, पण एकदाही रस्ता सोडला नाही. कारुसेल नावाचं तिथे एक खोलगट, काँक्रीटचं, गोल फिरणारं वळण आहे. त्यावर ते म्हणाले, "हे नागमोडी नाय, हे ताटात फिरल्यासारखं हाय." तेव्हापासून आमच्या घरात त्या वळणाचं नाव ताट.

ऑगस्टमध्ये आप्पा परत गेले. आता रविवारच्या फोनवर गाडीचा विषय निघत नाही. ते थेट नातवालाच फोनवर बोलवतात आणि ताट किती वेगात घेतलंस ते विचारतात. रिग पुन्हा लेकाच्या मापाची झाली आहे, सीट पुढे, चाक उभं, फेर ५४०. गिअरचा कंस मात्र त्याने उजवीकडे आणू दिला नाही. मित्र हसतात, तो डाव्या हाताने गिअर टाकतो. सतराव्या वर्षी इथल्या खऱ्या गाडीत त्याला सगळं उलटं शिकावं लागणार, हे मी त्याला सांगून ठेवलं आहे.

तुमच्याकडेही दिवाळीला आई-वडील आले असतील आणि गाडीची किल्ली हा तुमच्याही फोनवरचा विषय असेल, तर त्यांना शनिवारी आमच्याकडे घेऊन या. सीट मागे-पुढे करायला पाच मिनिटं लागतात. चकली-चिवडा असेलच. फक्त रात्री दहाच्या आत.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.